हेल्मरमधली सतरंजी

पहिला ग्लास आम्ही तहान लागली म्हणून घेतला. दुसरा आण्णांनी मागवला तेव्हा दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती, आणि माझी मुलाखत साडेअकराला होती.

"तातोबा, अजून तीन द्या," आण्णा म्हणाले. "आलं जरा जास्त घाला. घाई नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडी चिंचेच्या सावलीत उभी होती. काळी, लांब, सकाळीच धुतलेली. दोन मिनिटांपूर्वी आमच्या ड्रायव्हरने, दादूने, किल्ली फिरवली होती आणि गाडीने आजारी माणूस कूस बदलताना काढतो तसा आवाज काढला होता. दादूचा हात पुन्हा किल्लीकडे गेला तेव्हा आण्णांनी खिडकीतून आत हात घालून त्याचं मनगट धरलं.

"पुरे," ते हळू म्हणाले. "लोक बघायलेत."

लोक म्हणजे रसवंतीवाले तातोबा, एक सायकलवाला आणि उसाच्या चोयट्या खायला आलेली एक शेळी.

हे अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधलं. आम्ही जयसिंगपूरहून निघालो होतो. हातकणंगले मागे पडलं होतं आणि कोल्हापूर वीस-बावीस किलोमीटर पुढे होतं. मी सव्वीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, आणि विद्यापीठात त्या विषयाच्या अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली होती. एकच. त्याआधीची नऊ वर्षांपूर्वी निघाली होती. घरात असं ठरलं होतं, की ही मिळाली तर नोकरी, नाहीतर मिरजेच्या स्थळाला होकार. स्थळ वाईट नव्हतं. फक्त बघायला आल्यावर मुलाने मला एकच प्रश्न विचारला होता, की भौतिकशास्त्रात स्वयंपाकाला उपयोगी पडेल असं काही असतं का.

मुलाखतीच्या पत्रात खाली जाड अक्षरात छापलं होतं, की नाव पुकारलं जाईल तेव्हा हजर नसलेल्या उमेदवाराचा विचार केला जाणार नाही. ते पत्र मी मांडीवर धरून बसले होते.

आता गाडीविषयी सांगायला हवं. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फवारणीच्या पंपांचा कारखाना होता. भूपाल मगदूम हे नाव आमच्या भागातल्या बहुतेक द्राक्षबागायतदारांना माहीत होतं. अशा माणसाने गाडी घ्यायची तर हेल्मर घ्यायची, असं त्या काळात मानत. हेल्मर थंड देशातली गाडी. दुकानात जाऊन मागितली म्हणून ती मिळत नसे. आधी अर्ज करायचा, मग वाट बघायची, मग मुंबईहून कंपनीचा माणूस घर बघायला यायचा. आमच्याकडे तो आला तेव्हा आईने पोहे केले. मला बघायला येणाऱ्या लोकांसाठी जे कप कपाटातून निघत तेच त्या दिवशीही निघाले. त्या माणसाने गाडी ठेवायच्या जागेची लांबी-रुंदी मोजली, घरात पान कोण खातं ते विचारलं, आणि दादूला दोन्ही हात पुढे करायला सांगून त्याची नखं पाहिली. जाताना "कळवतो" म्हणाला. कळवायला त्याने आठ महिने लावले. आईचं म्हणणं पडलं, की मुलाकडचेसुद्धा इतके दिवस टांगून ठेवत नाहीत.

अर्ज केल्यापासून तीन वर्षांनी गाडी आली. सांगली-कोल्हापूर मिळून तशा पाच गाड्या होत्या. त्या पाच मालकांचं मिळून एक वाक्य होतं, जे लग्नकार्यात आणि बँकेच्या सभेत ते एकमेकांना आणि इतरांना ऐकवत. हेल्मर बंद पडत नाही. या वाक्यातून काही नियम आपोआप तयार झाले होते. हेल्मरचं बॉनेट रस्त्यात उघडायचं नाही. हेल्मरला धक्का मारायचा नाही. हेल्मरमध्ये फडकं ठेवायचं नाही, कारण फडकं ठेवलं म्हणजे ते कधीतरी लागेल असं आपण मान्य केलं. आणि वाटेत दुसरी हेल्मर थांबलेली दिसली तर आपणही थांबायचं, इंजिन बंद करायचं, उतरून रामराम करायचा. कंपनीने यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पाच जणांनी आपसांत न बोलता ठरवलेलं होतं.

फडकं नसलं तरी डिकीत एक सतरंजी असे. सतरंजी, चहाचा थर्मास आणि पत्त्यांचा कॅट. गाडी आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात आण्णांनी ही खरेदी केली होती. ज्या माणसाला लग्नाच्या पंगतीत बसून जेवायला वेळ नसे तो गाडी आल्यापासून वाटेत कुठेही थांबायला लागला. तळं दिसलं की थांबायचे, देवळाच्या पायऱ्या दिसल्या की थांबायचे. एकदा तर नुसतं उन्हाळी भुईमुगाचं रान बघायला आम्ही तासभर बसलो होतो. आई फार खूश होती. ती शेजारणींना सांगायची, की गाडीने हे बदलले, आता जरा माणसात आले.

मी भौतिकशास्त्र शिकलेली होते, तरी हा संबंध माझ्या लक्षात आला नव्हता.

दुसरा ग्लास निम्मा झाला तेव्हा दादू आण्णांच्या जवळ येऊन उभा राहिला. तो आमच्याकडे अठरा वर्षं होता आणि आण्णांशी सरळ बोलणारा घराबाहेरचा तो एकटाच माणूस होता.

"मालक, जुन्या गाडीला आपण पंपावर वलं फडकं टाकत हुतो की. दहा मिनिटांत चालू व्हायची."

"ही जुनी गाडी आहे का?"

"न्हाई. पण पंप पंपच असतोय."

आण्णांनी ग्लास तोंडाला लावला. पंप पंपच असतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, की दादूचं बरोबर आहे. इंजिन चालू असतं तोवर पाणी फिरत राहतं आणि पंखा उष्णता बाहेर टाकतो. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, आणि बॉनेटखालचं तापमान आधी उतरत नाही, वाढतं. पेट्रोलच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. थंड देशात हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल. बॉनेट उघडलं तर–

"पद्मा," आण्णा म्हणाले.

एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने हातकणंगल्याकडून कोल्हापूरची एसटी आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हेल्मर सावलीत उभी असताना मगदूमांची मुलगी हात दाखवून एसटीत चढली, ही बातमी संध्याकाळपर्यंत मिरजेला पोचली असती. एसटी गेली. मी सव्वीस वर्षांची होते आणि उठून हात दाखवणं मला शक्य होतं, हे मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुचलं.

तातोबा ग्लास विसळत होते. त्यांना आमची अडचण कळलेली दिसत नव्हती, पण ते गाडीकडे कौतुकाने बघत होते.

"ह्या काळ्या लांब गाडीवाली माणसं लई चांगली बगा," ते मला म्हणाले. "बाकीचे एक ग्लास पित्यात आन् पळत्यात. ही माणसं तीन-तीन, चार-चार पित्यात. बसत्यात. पोराबाळांची चौकशी करत्यात. एक जण तर मागं पाच प्याला. मग त्याच्या पोटात दुखाय लागलं."

"सगळे असंच करतात?" मी विचारलं.

"ह्या गाडीवाले सगळे. पाच बी जण."

मी पिशवीतून पेन काढलं. लिहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मुलाखतीचं पत्र उलटं केलं आणि त्याच्या मागे लिहिलं: १०.०० इंजिन बंद. १०.१२ चालू होत नाही. त्याखाली लिहिलं: रसवंतीवाल्यांची माहिती, पाचपैकी पाच. मला बाकी काही करता येत नसलं की मी नोंदी करते. तेव्हाही करत असे.

दहा वाजून चोवीस मिनिटांनी सांगलीकडून दुसरी हेल्मर आली.

तिचे मालक रावसाहेब नेजकर, तंबाखूचे व्यापारी. त्यांनी आमची गाडी पाहिली असणार, कारण त्यांची गाडी आधी जरा हळू झाली, मग एकदम जोरात गेली, आणि शंभर फुटांवर जाऊन थांबली. ती तिथे काही क्षण तशीच होती. मग मागे मागे येत आमच्या गाडीच्या शेजारी येऊन उभी राहिली. रावसाहेबांच्या ड्रायव्हरने त्यांच्याकडे वळून काहीतरी विचारलं. रावसाहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. इंजिन बंद झालं.

मी लिहिलं: १०.२४ दुसरी गाडी, इंजिन बंद.

"काय भूपालराव," रावसाहेब खाली उतरत म्हणाले. "आज इकडं?"

"लेकीची मुलाखत आहे विद्यापीठात. म्हटलं जाता जाता रस घेऊ."

"हेल्मर असली की हे एक सुख आहे बघा. वेळेत पोचणारच, त्यामुळं थांबता येतं."

"ते तर आहेच."

त्यानंतर दोघांनी गाडीचं जे कौतुक केलं ते मी सगळं सांगत नाही. रावसाहेब म्हणाले, की सहा वर्षांत त्यांच्या गाडीच्या बॉनेटखाली काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नाही. आण्णा म्हणाले, की त्यांना तर बॉनेट कुठून उघडतं तेच माहीत नाही. रावसाहेबांच्या ड्रायव्हरने न सांगता डिकी उघडली आणि एक सतरंजी काढून चिंचेखाली अंथरली. निळी होती. आमची तांबडी होती. तेवढाच फरक. तिच्यासोबत थर्मास निघाला आणि पत्ते निघाले.

मी त्या सतरंजीकडे बराच वेळ बघत राहिले.

आता खरी पंचाईत सुरू झाली. आमची गाडी थंड होत होती. कोणत्याही क्षणी ती चालू होण्यासारखी झाली असती, पण झाली आहे की नाही हे कळायला किल्ली फिरवून बघावी लागली असती, आणि रावसाहेबांच्या देखत फिरवून ती चालू झाली नाही तर काय करायचं याला उत्तर नव्हतं. रावसाहेबांचंही तेच. त्यामुळे दोघांनी एकमेकांना आधी निघायचा आग्रह सुरू केला.

"तुम्ही व्हा पुढं. मुलाखत आहे."

"छे छे, तुम्ही मागून आलाय, तुम्हाला काम असणार. तुम्ही निघा."

"तुम्ही निघाल्याबिगर मी उठणार नाही."

"मग बसू की. तातोबा, अजून पाच."

मी तोवर तीन ग्लास प्यायले होते. अकराला पाच कमी असताना चौथा आला. दादू आणि रावसाहेबांचा ड्रायव्हर आपापल्या गाडीला टेकून समोरासमोर उभे होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. अकरा वाजून पाच मिनिटांनी रावसाहेबांनी पत्ते पिसले. पानं वाटली जात असताना मी माझ्या मिरजेच्या आयुष्याचा विचार केला. तिथे एक स्वयंपाकघर होतं आणि मी त्यात उष्णतेच्या वहनाविषयी काहीतरी उपयोगी सांगत होते.

मी उठले. एरवी मी मोठ्यांच्या बोलण्यात पडत नाही.

"काका, आण्णा," मी म्हटलं, "कुणी आधी निघायला नको आणि कुणी मागे राहायला नको. दोन्ही गाड्या एकदम चालू करू. मी तीन म्हटल्यावर."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. एकदम चालू केल्या तर कुठल्या इंजिनाचा आवाज कुणाचा ते कळणार नव्हतं. हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि आलेलं नाही असं दोघांनीही दाखवलं.

"पोरीचं बरोबर आहे," रावसाहेब म्हणाले. "मानपानाचा प्रश्न मिटतो."

मी तीन म्हटलं. दोन किल्ल्या फिरल्या. एक इंजिन चालू झालं. ते आमचं होतं. दादूने ते जेवढं मोठ्याने गरजवता येईल तेवढं गरजवलं, आणि मला वाटतं ते त्याने रावसाहेबांसाठीच केलं. आम्ही रस्त्याला लागलो. रावसाहेबांनी आतूनच हात हलवून निरोप दिला, जणू आता आमच्या मागे निघणारच आहेत. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते उतरत होते आणि तातोबांना एक बोट दाखवत होते.

११.१४, मी लिहिलं. पहिली चालू, चौऱ्याहत्तर मिनिटं. दुसरी नाही, पन्नास मिनिटं.

शिरोली आल्यावर आण्णा म्हणाले, "उशीर का झाला विचारलं तर गर्दी होती म्हण."

मी नुसता मानेला हात लावला. मी खोटं बोलले की माझी मान लाल होते. लहानपणापासून होते, आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

"बरं, मग थांबलो होतो म्हण," आण्णा म्हणाले. "ते काही खोटं नाही."

आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. माझं नाव अकरा चाळीसला पुकारून झालं होतं. दाराशी बसलेल्या कारकुनाने यादी माझ्यापुढे धरली. माझ्या नावावर सरळ, पट्टीने ओढावी तशी रेघ होती. मी त्याला विनंती केली. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, की आतल्या उमेदवाराचं संपलं की डॉक्टर हर्डीकरांना विचारून बघतो, पण ते वेळेच्या बाबतीत कडक आहेत, आशा ठेवू नका. बारा वाजून दोन मिनिटांनी त्याने मला आत जायची खूण केली.

आत तिघे होते. मध्ये बसलेले डॉ. हर्डीकर विभागप्रमुख. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"बावीस मिनिटं उशीर," ते म्हणाले. "कारण सांगा. पटलं तर बसा."

मी म्हटलं, "सर, गाडी बंद पडली."

"कुठली गाडी?"

"हेल्मर."

तिघांनीही एकदम मान वर केली. डावीकडच्या सरांनी तर चष्मा काढला.

डॉ. हर्डीकर नाराज झाले, पण आवाज चढवला नाही. "मॅडम, एसटी चुकली म्हणाला असता तर मी मान्य केलं असतं. हेल्मर बंद पडत नाही. माझे मेव्हणे पुण्यात सहा वर्षं ती गाडी वापरताहेत. एकदाही बंद पडलेली नाही. उमेदवाराने निदान कारण तरी शक्यतेतलं द्यावं."

"सर, तुमचे मेव्हणे वाटेत थांबतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रवासात. तळं वगैरे दिसलं की."

"थांबतात. रसिक माणूस आहे. आम्ही एकदा त्यांच्याबरोबर महाबळेश्वरला गेलो तेव्हा चार ठिकाणी थांबलो. गाडीत सतरंजी असते, थर्मास असतो–"

ते बोलायचे थांबले. ते शास्त्रज्ञ होते. मला काही जास्तीचं सांगावं लागलं नाही. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, उलटं करून. त्यांनी नोंदी वाचल्या, मग पत्र शेजारच्यांना दिलं, मग पुन्हा मागून घेतलं.

"पाचपैकी पाच हे कोणाचं निरीक्षण आहे?"

"रसवंतीवाल्यांचं."

"आणि यातल्या एकानेही गाडी बंद पडते असं कधी म्हटलेलं नाही."

"कुणीच म्हणत नाही, सर. म्हणून तर ती बंद पडत नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, की अंदाज म्हणून ठीक आहे, पण दोन गाड्या आणि एक रसवाला एवढ्यावर ते रेघ खोडणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, गाडीचे मालक कुठे आहेत. मी म्हटलं, माझे वडील, बाहेर बाकावर.

"ते म्हणतील बंद पडली म्हणून?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

कारकुनाने आण्णांना आत आणलं. आण्णा दारातच उभे राहिले. पांढरा सदरा, धोतर, आणि डोक्यावर खळ घातलेली कडक टोपी. ती टोपी घराबाहेर कुणासमोर उतरलेली मी पाहिली नव्हती.

डॉ. हर्डीकर उठून उभे राहिले. हेल्मरच्या मालकासमोर लोक उठत असत. "मगदूम साहेब, तुमच्या कन्येचं म्हणणं आहे, की आज सकाळी तुमची हेल्मर बंद पडली. खरं आहे?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या मानेकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, थांबलो होतो.

"पडली," आण्णा म्हणाले.

तिघेही अजून त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून त्यांना पुढे बोलावं लागलं. "घरी आली त्या महिन्यापासून पडती. पंप हवा धरतो. विहिरीवरचा धरतो तसाच. मी पंपच बनवतो, मला आवाजावरून कळतं." मग जरा थांबून म्हणाले, "हिच्या आईला माहीत नाही. तिला वाटतं मला देखावे आवडायला लागले."

डॉ. हर्डीकरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी आता कुठे आहे?"

"पोर्चमध्ये. इंजिन बंद करून अठरा मिनिटं झाली."

"चालू होईल?"

"नाही."

"आणि चालू करायची असेल तर?"

"नळीवर आणि पंपावर ओलं कापड. दहा मिनिटांच्या आत."

"चला," ते म्हणाले.

सगळे खाली आले. तिघे परीक्षक, कारकून, आण्णा, मी, आणि आपलं झालं असून काय चाललंय ते बघायला थांबलेले दोन उमेदवार. दादूने किल्ली फिरवली. गाडीने कूस बदलली आणि गप्प झाली. डॉ. हर्डीकरांनी त्याला पुन्हा फिरवायला सांगितलं. पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावर मेव्हण्यांविषयी काहीतरी उमटून गेलं.

दादूने आण्णांकडे पाहिलं. बॉनेटवर हात ठेवला, पण उघडलं नाही. पोर्चमध्ये आता विद्यार्थीही जमायला लागले होते.

"उघड," आण्णा म्हणाले.

दादूने बॉनेट वर केलं. आतून गरम हवेचा लोट आला. कापड हवं होतं, आणि हेल्मरमध्ये फडकं नसतं. दादू खांद्यावर टॉवेल चाचपायला लागला, पण हेल्मर चालवताना टॉवेल घ्यायचा नाही हाही नियम होता. डावीकडचे सर रुमाल काढत होते, तोवर आण्णांनी डोक्यावरची टोपी उतरवली, दाराजवळच्या माठापाशी गेले, पाण्यात बुडवली, परत आले आणि कुणाला न विचारता नेमक्या जागी पंपावर पसरली. ती जागा त्यांना शोधावी लागली नाही. ज्यांना बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नव्हतं त्यांना पंप कुठे आहे ते चांगलं माहीत होतं.

टोपीतून वाफ निघाली. ओल्या भाताच्या पेजेसारखा खळीचा वास सुटला. डॉ. हर्डीकर घड्याळ हातात धरून उभे होते. वाट बघताना त्यांनी मला विचारलं, इंजिन बंद केल्यावर तापमान किती वाढेल, कसं मोजाल, आलेख कसा दिसेल. शिशाच्या पेन्सिलीने मी पत्राच्या उरलेल्या कोपऱ्यात आलेख काढला. आधी चढतो, मग बराच वेळ सपाट, मग उतरतो. त्यांनी त्यात एक चूक काढली. ती खरंच चूक होती. मी दुरुस्त केली.

सात मिनिटांनी दादूने किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. दोन-तीन विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारकून वर गेला आणि यादीतली रेघ खोडून खाली आला. यादी स्वच्छ दिसेना म्हणून तो जरा खट्टू होता.

त्या विभागात मी पुढे एकतीस वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना उष्णतेचं प्रकरण शिकवताना तो आलेख दर वर्षी फळ्यावर काढत असे, टोपीचा उल्लेख न करता. मिरजेच्या स्थळाचं नंतर चांगल्या ठिकाणी लग्न झालं.

त्या दिवशी निघताना मात्र जरा वेळ गेला. मी कागदपत्रं घ्यायला वर गेले होते. परत आले तेव्हा पोर्चमध्ये कुणी नव्हतं. बॉनेट बंद होतं. आण्णा बोडक्या डोक्याने गाडीशी उभे होते आणि ओली टोपी पिळत होते. डॉ. हर्डीकर त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, गाडीच्या काळ्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"मगदूम साहेब, सहज विचारतो. नंबर लावला तर किती दिवस लागतात?"

आण्णांनी टोपी झटकली आणि वाकडी झाली होती तशीच डोक्यावर घातली.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "सतरंजी वेगळी घ्यावी लागते."